आधी फोटो परत नेऊन दे

सांगली, शुक्रवार रात्र

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तू माझ्या फोटोच्या दुकानातून उठून गेलीस तेव्हा तुझा चहा तसाच राहिला होता. मी जरा जास्तच बोललो. "तीनशे चाळीस फोटो आणि त्यात तुझा एकही नाही" हे वाक्य गिळता आलं असतं. गिळलं नाही, आणि आता झोप येईना म्हणून लिहायला बसलोय. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर तू एक अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस.

तुझे प्रश्न मी एका जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून ठेवलेत. पुण्याला जाऊ का? कॅमेरा बदलू का? लग्नांत दुसऱ्याच्या हाताखाली किती दिवस काढू? स्पर्धांना पाठवू का? आणि शेवटचा, चप्पल घालता घालता विचारलेला: "काका, चांगली कामं कुणाला मिळतात हो?" पहिल्या चारांची उत्तरं चार मिनिटांत होतील. शेवटचं विचारताना तुझा आवाज बसला होता, म्हणून हे पत्र.

तुला नजर आहे की नाही हे मी सांगत बसणार नाही. नसती तर शटर अर्धं ओढून तासभर तुझ्यासोबत बसलो नसतो.

कासचे फोटो घे. तेरडा आहे, धुकं आहे, तलावात बुडणारा सूर्य आहे. कास 2012 मध्ये जागतिक वारशात गेलं, तेव्हापासून दर सप्टेंबरला तिथं फुलांइतके कॅमेरे असतात. तुझे फोटो वाईट नाहीत. पण ते पठारावर कुणीही उभं राहिलं असतं तरी आले असते. पाच वाजता उठून बामणोली रस्त्याला लागलीस याचं कौतुक तुझ्या आईनं करावं, मी करणार नाही.

मग त्या ढिगात चुकून आलेला एक फोटो निघाला. तासगावकडच्या बेदाणा शेडमधला. जाळ्यांचे थर एकावर एक, वरून हिरव्या शेडनेटमधून गाळून आलेला उजेड, आणि दोन जाळ्यांच्या फटीतून द्राक्षं सारखी करणारी बाई. पदर नाकावरून बांधलेला, एकच डोळा दिसतो. हात कोपरापर्यंत ओशट, त्याला दोन देठ चिकटलेत. तू तो भर्रकन पुढं ढकलत होतीस. मी म्हटलं, थांब. हे कोण?

"असंच. मामांच्या शेडवर गेले होते."
"नाव काय बाईचं?"
"माहीत नाही."
"तिला दिलास फोटो?"
"स्क्रीनवर दाखवला ना."

आणि तू माझ्याकडं असं बघितलंस की जणू मी पोस्टकार्डानं पैसे पाठवायला सांगतोय.

आता नीट ऐक. माझ्याकडं सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि ती मी तुला वीट येईपर्यंत सांगणार आहे. ज्याचा फोटो काढलास त्याला तो कागदावर छापून, स्वतः जाऊन, हातात दे. पीडीएफ नको, लिंक नको, "टॅग केलंय" तर अजिबात नको. कागद. हातात.

तुला वाटेल काका माणुसकी शिकवतायत. माणुसकी तुला तुझ्या घरात शिकवलीय, त्यात मी भर घालायला नको. मी धंद्याचं बोलतोय आणि फोटो सुधारण्याचं बोलतोय.

मिरजेतली गोष्ट सांगतो. मी सत्तावीस-अठ्ठावीसचा असेन. गळ्यात पेंटॅक्स के1000 कॅमेरा, डोक्यात हवा. सतारमेकर गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिराचा फोटो काढला. त्याच्या हातात कानस, मांडीवर सतार, आणि मी त्याला म्हटलं, "चाचा, इकडं बघा." फ्लॅश मारला. भोपळ्याची चकाकी, लाकडाची झळाळी, सगळं झकास आलं. आठवड्यानं आठ बाय बाराची प्रिंट घेऊन गेलो, शाबासकी घ्यायलाच म्हण ना.

त्यानं चष्मा पुसला, फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, "अच्छा है. पण यात मी काम करत नाहीय." मी म्हटलं, कानस आहे की हातात. तो म्हणाला, "जवारी कानानं लावतात बेटा. मी तुझ्याकडं बघत असेन तर घोडी कोण ऐकतंय?"

जवारी म्हणजे काय ते मला तोवर ठाऊक नव्हतं. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा वरचा माथा किंचित उताराचा घासतात. तार त्या उताराला नुसती चाटून जायला हवी, तेव्हा तो सतारीचा झणकार येतो. केसभर जास्त घासलं की आवाज मेला. म्हणून कारागीर घासतो, तार छेडतो, ऐकतो, परत घासतो. डोळ्यांचं काम त्यात थोडंच.

मी परत गेलो. चार वेळा गेलो. चौथ्यांदा फ्लॅश घरी ठेवला, दाराच्या चौकटीला खांदा टेकला आणि सेकंदाच्या पंधराव्या भागाचा शटर ठेवून श्वास रोखून काढला. मान कललेली, कान जवळजवळ तारांवर, डोळे मिटलेले, मांडीवर हाडाच्या घोडीचा पांढरा भुगा. तो फोटो नेऊन दिला तर म्हातारा काही बोलला नाही. खिळा ठोकून दुकानात लावला.

पुढचं सगळं त्या खिळ्यावर टांगलेलं आहे. वाद्य घ्यायला आलेल्या कुणीतरी फोटो बघितला, कुणी काढला विचारलं. मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथं पुढच्या वर्षी मला पुढं कोपऱ्यात बसायला जागा मिळाली. त्यातून गवयांची कामं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तीन ठिकाणांहून मला फोटोंसाठी फोन आले. मी कुठं अर्ज केला नव्हता. गल्लीतल्या लोकांनीच नंबर दिला होता.

चांगली कामं कुणाला मिळतात, विचारत होतीस ना? जो परत जातो त्याला. आणि परत जायला निमित्त लागतं. हातात प्रिंट असली की कुठल्याही दारात उभं राहायला लाज वाटत नाही.

सुधारणेचंही तेच. तुला फोटोवर मत हवं असतं म्हणून तू ग्रुपवर टाकतेस, आणि तिथं लोक "कडक", "एक नंबर" लिहून पुढं जातात. ज्याचा फोटो आहे तो माणूस असं करत नाही. त्याला त्याचं काम माहीत असतं, स्वतःचं तोंड माहीत असतं. लोणंदला पालखीच्या मुक्कामात मी एका माळकरी म्हातारीचा फोटो काढला होता. डोक्यावर तुळस, सुरकुत्यांवर कडेचं ऊन, मला वाटलं आता याच्या वर काही नाही. दिंड्यांना नंबर असतात, क्रम ठरलेला असतो, त्यामुळं पुढच्या आषाढात तीच दिंडी शोधायला अर्धा तास पुरला. म्हातारीनं फोटो बघितला आणि माझ्यावर डाफरली, "तवा नथ पिशवीत व्हती. थांबला असतास तर घातली नसती का?" मी सुरकुत्या बघत होतो, तिला नथ हवी होती. तुझ्या कुठल्या ऑनलाइन कोर्समध्ये हे सांगणार आहेत?

पालखी आता आलीच. लोणंदच्या पुढं चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला तू जाशीलच, जा. पण तिथं घोड्याच्या टापेपेक्षा कॅमेऱ्यांचे हात जास्त येतात फ्रेममध्ये. मी तुझ्या जागी असतो तर लोणंदातल्या एखाद्या घरात बसलो असतो, जिथं दरवर्षी एकाच दिंडीचं जेवण असतं. पहाटे चार वाजता भाकरी थापणाऱ्या बायका, चुलीचा उजेड. आणि पुढच्या वर्षी प्रिंट घेऊन त्याच घरी. तिसऱ्या वर्षी तुला कुणी फोटोवाली म्हणणार नाही, ताटच वाढतील.

आता जे सांगायचं नव्हतं ते सांगतो.

1996 चा मार्च असावा. हरिपूरला हळदीची पेवं होती हे तू ऐकलं असशील. संगमाजवळच्या त्या जमिनीत खोल खड्डे, तोंड अरुंद, आत पोत्यांवारी हळद, वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही, आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत थांबतात. मी तिथं सकाळभर थांबलो आणि एक म्हातारा हमाल दोराला धरून वर येताना त्याचा फोटो काढला. अर्धा देह जमिनीत, अर्धा बाहेर. सगळा हळदीनं माखलेला. माझ्या कॅमेऱ्यात काळा-पांढरा रोल होता, त्यामुळं पिवळं काहीच आलं नाही, भुवया तेवढ्या पांढऱ्याफटक दिसत होत्या. तो म्हणाला, "देशील ना आणून?" मी म्हटलं, "आठवड्यात देतो."

हरिपूर माझ्या दुकानापासून सायकलनं वीस मिनिटं.

गेलो नाही. लग्नसराई होती, मग पाऊस, मग गणपती. कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे रोलमधल्या सगळ्या फ्रेम लहान आकारात छापलेल्या कागदावर, त्या फ्रेमला लाल पेन्सिलीनं गोल केला होता, छापू छापू म्हणत. नऊ वर्षं तो गोल तसाच राहिला. मग 2005 चा पूर आला. दुकान मारुती चौकाच्या अंगाला, खालच्या कप्प्यात निगेटिव्ह. पाणी ओसरल्यावर पाकिटं उघडली तर फिल्मवरचं जिलेटिन सुटून एकमेकांना चिकटलेलं, सोलायला गेलं की चित्रं बोटाला यायची. त्याच पुरानं हरिपुरातली बरीच पेवंही गेली.

2011 मध्ये एक पोरगा दुकानात आला. म्हणाला, "आजोबा नेहमी सांगायचे, माझा फोटो सांगलीच्या फोटोवाल्याकडं आहे. आता ते गेलेत. घरात त्यांचा एकही फोटो नाही. तुम्हीच का ते?"

मी काय म्हणालो असेन? "नाही, दुसरं कुणी असेल" असं म्हणालो. खरं सांगायची हिंमत झाली नाही. नकार ऐकायला सरावलेली माणसं हसतात तसा तो हसला आणि गेला.

तू म्हणशील, काका स्वतःचं पाप माझ्याकडून फेडून घेतायत. घेतोय. त्यानं सांगणं खोटं पडत नाही.

बरं, ते चार प्रश्न.

पुणे. जायचं असेल तर जा, पण इथं काही नाही म्हणून जाऊ नकोस. इथं काय नाही? सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला मानांकन आहे, आणि बाजारातल्या पाकिटांवरचे फोटो बघ, कुठलीतरी चमच्यातली हळद, इंटरनेटवरून उचललेली. व्यापाऱ्यांना चांगले फोटो हवे असतात, पण त्यांच्या दारात कुणी जात नाही. मला 1997 मध्ये मुंबईच्या एका जाहिरात स्टुडिओतून बोलावणं होतं. गेलो नाही. वडिलांचं दुखणं होतं, दुकानाचं कर्ज होतं, धाकट्या बहिणीचं लग्न होतं. आणि इथं राहूनच मला मिरज मिळाली, वारी मिळाली. न गेलो ते बरंच झालं असं मी गेली तीस वर्षं सांगतोय. इतक्यांदा सांगावं लागतं यातच काय ते समज. तेव्हा या एका बाबतीत माझं ऐकू नकोस.

शिकायला जाणार असशील तर गोष्ट वेगळी. गांधीनगरला एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, फोटोग्राफीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, त्याची तयारी कर. तिथं पोर्टफोलिओत कासचा सूर्यास्त नेऊ नकोस एवढीच विनंती.

कॅमेरा. नाही. तुझ्याकडं आहे तो माझ्या पहिल्या वीस वर्षांतल्या सगळ्या कॅमेऱ्यांपेक्षा अंधारात जास्त बघतो. हप्त्यांवर नवी बॉडी घेतलीस की हप्ता फेडायला आवडत नसलेली लग्नं घेशील. घ्यायचीच असेल तर पन्नास एमएमची स्वस्त लेन्स घे आणि वर्षभर तीच लाव. तिला झूम नसतो, पाय हलवावे लागतात तिच्यासाठी. आणि त्या शेडमधल्या बाईचा चेहरा कावीळ झाल्यासारखा हिरवट का आला ते सांगतो. शेडनेटचा हिरवा उजेड, त्यात तू व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवायची सेटिंग, ऑटोवर ठेवला होतास. तिथंच एक पांढरा कागद धरून कस्टम बॅलन्स लावायचा, नाहीतर निदान रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये काढायचं, रंग नंतर सुधारता येतात. तू जेपीईजीत काढलास. मी जमेल तेवढा निस्तरलाय.

लग्नं. अजून दोन सीझन कर. लग्नात उजेड तुझ्या हातात नसतो आणि क्षण परत येत नाही, याहून बरी शाळा नाही. अंतरपाट खाली यायच्या आधी नवरीच्या आईकडं बघायला शिक, सगळे नवरीकडं बघत असतात. पण कामाच्या आधी दोन ओळींचा कागद कर. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला हक्क वेगळं ठरलं नसेल तर त्या सांगणाऱ्याचा असतो. स्वतःहून काढलेल्याचा तुझा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका कंपनीनं माझा उसाच्या फडातला फोटो कॅलेंडरवर छापला, नाव नाही, पैसे नाहीत, विचारायला गेलो तर "तुमचाच फायदा, एक्सपोजर मिळालं" म्हणाले. एक्सपोजर मी रोज कॅमेऱ्यावर लावतो, त्यानं किराणा येत नाही. फुकट काम करायचं तर त्या म्हातारीसाठी कर, कारखानदारासाठी नको.

स्पर्धा. नियम वाच. फी घेऊन वर सगळ्या फोटोंचे हक्क मागतात त्या स्पर्धा म्हणजे फोटो गोळा करायचा स्वस्त मार्ग. वर्ल्ड प्रेस फोटोसारखी जगातली मोठी स्पर्धा प्रवेश फी घेत नाही आणि गल्लीतल्या घेतात, यावरून ओळख.

आणि एक, सांगलीकर म्हणून. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे, 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं. तुझी हार्डडिस्क टेबलाखाली असते, मी बघितलंय. एक कॉपी तासगावला मामांकडं ठेव, आजच. खरी कॉपी तर ज्याचा फोटो त्याच्या भिंतीवर असते, ती बुडाली तरी दुसऱ्या कुणाच्या तरी भिंतीवर उरते. त्या पेवातल्या म्हाताऱ्याला प्रिंट दिली असती तर त्याच्या नातवाकडून मागून मी आज माझा सगळ्यात चांगला फोटो परत मिळवला असता. बघ, फिरून तिथंच आलो.

तू पेनड्राइव्ह विसरून गेलीस. न विचारता त्यातला बेदाण्याचा फोटो घेतला आणि सहा बाय आठच्या तीन प्रिंट काढल्या. एक तिची, एक तुझी, एक मामांच्या शेडवर लावायला. पाकीट काउंटरच्या डाव्या खणात आहे. पैसे घेणार आहे, फुकट देणार नाही, नाहीतर तू तो पलंगाखाली टाकशील.

सीझन संपलाय, बाई आता शेडवर नसेल. जतकडून टोळ्या येतात, त्यातली असावी. मामांना मुकादमाचा नंबर माग, त्याच्या हजेरीच्या वहीत नाव-गाव असतं. तासगावहून कवठेमहांकाळ, तिथून जत, सकाळी निघालीस तर संध्याकाळी घरी. जाताना कॅमेरा नेलास तर बॅगेतच ठेव, आधी पाकीट काढ. नाव विचारलंस की प्रिंटच्या मागं मऊ पेन्सिलीनं लिही, बॉलपेननं नको, पुढच्या बाजूला उमटतं.

सोमवारी दुकान बंद असतं. मंगळवारी ये, चहा गरम असताना पी.

तुझा,
काका